बुटक्या पुलाची मापकाकू

व्यापाऱ्यांनी शहरात कालवा खणून घेतला, तेव्हा त्यांना भारी घाई होती. गोदामं एका टोकाला, गोदी दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या रस्त्यावर मुंगीला वाट मिळेना. कालवा झाला, होड्या सुरू झाल्या, मग गल्लीला पलीकडे जायला पूल हवा झाला. एका शहाण्याला माप घ्यायला बसवलं. त्याने महिनाभर इमानेइतबारे होड्या मोजल्या. तेव्हा धंद्याला अशी बरकत, की होडी जातानाही भरलेली आणि येतानाही भरलेली. भरलेली होडी पाण्यात खोल बसते. पूल नेमका त्या मापाचा झाला. या शहरात कधी रिकामी होडी दिसेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं.

पुढे ती दिसली. माल रस्त्याने जायला लागला, होड्या रिकाम्या परतायला लागल्या आणि मधल्या खोपीचं छप्पर पुलाला टेकवून मुकाट उभ्या राहायला लागल्या. पूल उंच करायला कालवा खातं तयार होईना. शेवटी गल्लीनेच तोड काढली. रिकामी होडी आली की शेजारपाजारच्यांनी हातातलं काम टाकून आत बसायचं, होडी दबली की पुलाखालून सरकवायची, आणि पलीकडे उतरून पुन्हा कामाला लागायचं. दगड भरायचे आणि काढायचे म्हटलं तर अर्धा दिवस जातो. माणूस हे एकच वजन असं, की आपल्या पायांनी चढतं आणि आपल्या पायांनी उतरतं.

किती माणसं लागतील, हे सांगायला पुलाच्या पायरीवर मापकाकू. कमानीला चिकटून खात्याची एक खोली होती, त्यात ती लग्न होऊन आली. नवरा गेल्यावर त्याची काठी तिने हातात घेतली. काठीवर बोटाबोटाच्या अंतरावर खाचा. छप्पर किती बोटं अडतंय ते बघायचं आणि एका बोटाला चार माणसं बसवायची. तीस वर्षांत एकदाही माप चुकलं नाही.

पण बाईच्या जिभेला हाड नव्हतं. "भट्टीवाले, तुम्ही बसा, म्हणजे मास्तरांना घरी जाता येईल." लोहाराला म्हणायची, "दादा, जेवून आलात का? मग तिघंच पुरे." आणि शिंपीणबाईने होडीत पाय ठेवला, तेव्हा भर गल्लीत म्हणाली, "आल्या का? आता दोघं उतरा." माणसं हसली. शिंपीणबाई मात्र तशीच मागे फिरली आणि चार वर्षं मापकाकूशी एक शब्द बोलली नाही. हळूहळू बाकीचेही दुखावले. होड्याच कमी झाल्या होत्या, म्हणून ते कोणाला जाणवलं नाही इतकंच.

मग खात्याचा कागद दारावर चिकटला. ज्या पाण्यातून वर्षभर एकही होडी जाणार नाही, ते बुजवून रस्ता करायचा. कमानीची खोली अर्थातच त्यात जाणार होती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी खात्याचे साहेब वही घेऊन पायरीशी खुर्ची टाकून बसले, आणि तोवर एक होडी गेली असेल तर शपथ. मापकाकूने गोदीवरच्या धाकट्या दिराला निरोपावर निरोप धाडले होते. अख्ख्या कालव्यात चालती होडी उरली होती ती त्याचीच. दुपारी तो आला, रिकामा आणि कुरकुरत.

"वहिनी, वरून पाणी सोडलंय. आज नाही जमायचं."

मापकाकूने काठी लावली. पाच बोटं. वीस माणसं हवी होती, आणि पायरीवर काळं कुत्रं नव्हतं.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. मापकाकू पहिल्यांदा लोहाराकडे गेली. "चला दादा, तुम्ही एकटेच म्हणजे..." इतकं बोलून तिने जीभ चावली, पण व्हायचं ते झालं होतं. लोहाराने भाता जोरात ओढायला घेतला. भट्टीवाल्याला नेमका तेव्हाच पाव काढायचा होता. राहता राहिली शिंपीणबाई.

"होडी आलीय," मापकाकू दारातूनच म्हणाली.

"मग?" शिंपीणबाईने मशीनवरून मान वर केली नाही. "दोन हडकुळी बघा कोणीतरी."

"खोली जाईल हो माझी. कुठे जाऊ मी या वयात?"

मशीन थांबलं. शिंपीणबाईने आता मान वर केली.

"चुकलं माझं," मापकाकू म्हणाली. "चार वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं."

शिंपीणबाईने दोरा तोडला, गल्लीत आली आणि असा आवाज दिला की भट्टीवाल्याने पाव तसाच आत ठेवला.

घटकाभरात वीस माणसं होडीत बसली. मापकाकूने काठी लावली आणि तिचं तोंड उतरलं. मधल्या वेळात पाणी आणखी चढलं होतं; अजून पाव बोट अडत होतं, म्हणजे एक माणूस कमी. गल्ली तर रिकामी.

"साहेब, तुम्ही बसता?"

"मी साक्षीदार आहे, बाई. मी बसलो तर नोंद कोण करणार?"

"मापकाकू," आतून शिंपीणबाई म्हणाली, "पायरीवर एक माणूस शिल्लक आहे."

"कोण?" मापकाकूने खरंच मागे वळून पाहिलं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "मी? आणि काठी कोण बघणार?"

साहेबांनी हात पुढे केला. तिने काठी दिली, पण लगेच सोडली नाही. "खाच नीट बघायची. मनाचं सांगायचं नाही."

ती आत बसली. होडी चांगली डुलली. साहेबांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"पाव बोट मोकळं. जाऊ द्या."

दिराने बांबू टेकला. होडी पुलाखाली शिरली आणि अंधारात शिंपीणबाई सावकाश हिशोब करायला लागली. "अडत होतं पाव. उरलं पाव. म्हणजे एकट्या मापकाकू अर्ध्या बोटाच्या. म्हणजे दोन माणसं."

"साहेबांना काठी वाचता येत नाही," मापकाकू म्हणाली.

"दोनदा वाचली, बाई," पायरीवरून आवाज आला.

होडी हसण्याने हलायला लागली. दीर ओरडला, "हलू नका, छप्पर अडेल!" त्यामुळे एकवीस माणसं तोंडावर हात धरून हसत पुलाखालून गेली. मापकाकूही हसत होती, आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

होडी उजेडात आली. पुलावर येऊन साहेबांनी वही मिटली. "नोंद झाली. कालवा आणखी एक वर्ष राहिला."

"म्हणजे आणखी वर्षभर यांचं ऐकायचं आम्ही," शिंपीणबाई म्हणाली.

मापकाकूने शिंपीणबाईचा हात धरला, आणि पलीकडची पायरी येऊन सगळे उतरले तरी सोडला नाही.