कागदावरचं कॉकपिट

दारव्हा-यवतमाळ बसमध्ये एक तरुणी रोज माझ्या शेजारी बसून मिटल्या डोळ्यांनी पुटपुटायची. मला वाटलं, जप करते. पण मांडीवर कॉकपिटचं कागदी चित्र होतं आणि बोटं बरोब्बर त्यातल्या बटणांवर पडायची. तिला पायलटचं लायसन्स मिळालं होतं. एका छोट्या विमान कंपनीच्या बोलावण्याची ती वाट पाहत होती.

एकदा तिनं विमान उतरवण्याआधी तपासायची यादी माझ्या हातात दिली.

"काका, तुम्ही वाचा, मी उत्तर देते. विमान एकट्यानं नसते उडवत जी."

मग रोज यवतमाळ जवळ आलं की मी विचारायचो, "चाकं?"

"खाली आहेत!"

परवा ती त्या कंपनीच्या ट्रेनिंगला गेली. काल स्टँड दिसताच सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "चाकं?"

मागून कंडक्टर म्हणाला, "खाली आहेत!"