परवानग्या माझ्या हातात होत्या तेव्हा

मी मत्सरी आहे असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. पण आमच्या धुळ्याच्या शाखेत ती नवी प्रोग्रामर रुजू झाली आणि भांडायला मला तोंड उरलं नाही.

आमची कंपनी कापूस घेते. मुख्य कचेरी जळगावला, तिथे मी बसतो, शाखा धुळ्याला, आणि हंगामात बोदवड, सोनगीर, मुक्ताईनगर अशा ठिकाणी खरेदी केंद्रं उघडतात. शेतकऱ्याला सकाळी मोबाइलवर मेसेज जातो, की आज भाव काय, कोणत्या केंद्रावर गाड्या घेणार, कुठला वजनकाटा बंद आहे. हे मेसेज पोचवायला आम्ही एक क्लाउड सेवा भाड्याने घेतली आहे. तिच्यात प्रत्येक केंद्राच्या मेसेजची वेगळी रांग असते. त्या रांगेत मेसेज कोणी टाकायचा, कोणी उचलायचा, याचे नियम रांगेला लावून द्यावे लागतात. नियमात नाव नसेल तर काट्यावरच्या माणसाने कितीही बटणं दाबली तरी रांग त्याला दारात उभं करत नाही. हे नियम हाताने लिहिणारा कंपनीत एकच माणूस होता, तो मी.

केंद्र उघडलं की तिथल्या व्यवस्थापकाचा मला फोन यायचा. कोणी जळगावला आलंच तर येताना केळीचे वेफर्स आणायचं, थंडीत कोणी घरच्या भरताचा डबा आणायचं. "भाऊ, तेवढं आमच्या माणसाचं नाव टाका ना." मी म्हणायचो, "बघतो." या 'बघतो' म्हणण्यात जी मजा आहे ती लगेच करून देण्यात नाही. मी सुटीवर गेलो की केंद्रं अडून बसायची, आणि ती अडली हे ऐकून मला बरं वाटायचं. माझं कचेरीतलं सगळं वजन त्या परवानग्यांवर होतं. ते गेलं तर मी म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावरचा एक चष्मेवाला, हे मला चांगलं ठाऊक होतं.

ती तिशीच्या आतली, धुळ्यातच वाढलेली. रुजू झाल्यावर तिने मला फोन केला आणि दुसऱ्याच वाक्यात विचारलं, "भाऊ, तुम्ही हे नियम हाताने का लिहिता?" त्या 'का'त खोच नव्हती हे मला तेव्हाही कळलं. म्हणूनच ते जास्त लागलं. मी म्हणालो, "ताई, हे दिसतं तेवढं सोपं नाही." ती म्हणाली, "हो, मी वाचलेत सगळे." सगळे! माझ्या एवढ्या वर्षांच्या नियमांना तिने एका बैठकीत वाचून बाजूला ठेवलं होतं.

मग जळगावला येऊन तिने साहेबांपुढे आपली पद्धत मांडली. कोणाला कोणती रांग हवी ते साध्या ओळीत एका जागी लिहायचं. केंद्रप्रमुखाने होकार द्यायचा. पुढचं काम प्रोग्राम करणार. तो त्या ओळींवरून नियम बनवणार, रांगांना लावणार, आणि ओळींमध्ये ज्याचं नाव नाही त्याची परवानगी काढून टाकणार. मी साहेबांना म्हणालो, "यंत्राला माणसं कळत नाहीत." साहेब हसून म्हणाले, "तुम्हाला कळतात, पण कळायला आठवडा लागतो." केबिनमधले सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवसापासून ती जळगावला आली की चहा अर्धा टाकते, फोनवर फार भरभर बोलते, हेसुद्धा माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं. तिच्या प्रोग्राममध्ये चूक निघावी म्हणून मी देवाला हात जोडले नाहीत एवढंच.

हंगामाआधी सगळ्या केंद्रप्रमुखांना जळगावला बोलावलं. कोणाला काय लागतं ते ती एकेकाला विचारून लिहून घेत होती. बोदवडच्या केंद्राचे प्रमुख वयाने मोठे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांनी हात हलवून सांगितलं, "आमचं चूलबंद लिहून टाका."

आमच्याकडे लग्नाकार्याचं आवतण दोन तऱ्हांचं असतं. घरटी एक म्हणजे घरातल्या एकाने जेवायला यायचं. चूलबंद म्हणजे अख्ख्या घराने यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. नानांना म्हणायचं होतं की केंद्रावरच्या सगळ्यांनाच सगळं उघडं करा. खरं सांगायचं तर मीही वर्षानुवर्षं तेच करत आलो होतो. एकेक नाव विचारत कोण बसणार? ती मात्र हसली आणि म्हणाली, "चूलबंद नाही जमायचं, नाना. घरटी एक. आणि तो एक कोण, तेही आत्ताच सांगा."

सगळे खो खो हसले. नानाही हसले, डोकं खाजवलं आणि मुकाट्याने एक नाव सांगितलं. याच नानांना मी आजवर "तांत्रिक बाब आहे, तुम्हाला नाही कळणार" असं सांगून गप्प केलं होतं. तिने त्यांच्याच बोलीत दोन वाक्यं टाकली आणि त्यांना सगळं कळलं. ते शब्द माझेही होते, मीही याच मातीतला. मला का नाही सुचले? पोटात दुखणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी नीट समजलं.

शेवटी तिने विचारलं, "अजून कोणी राहिलं का?" मी खिडकीबाहेर बघत बसलो. मी कशाला नाव सांगू? आवतण वाटायला निघालेला माणूस स्वतःच्या दारात जाऊन कधी आवतण देतो का? मी तर घरचा. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण माझं नाव कोणीच घेतलं नाही.

प्रोग्राम चालू व्हायच्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचलो. तिची फजिती मला पहिल्यापासून बघायची होती. कॉम्प्युटर लावला, रांगा उघडायला गेलो, तर समोर आलं: प्रवेश नाही. मी खुर्चीतून उठलोच. मोडला! पहिल्याच सकाळी मोडला! आनंदाच्या भरात मी बोदवडला फोन लावला. "काय नाना, अडलं ना?" नाना म्हणाले, "छे हो भाऊ, केव्हाच गेले मेसेज. गाड्या यायला लागल्या." सोनगीरला लावला. तिथेही तेच. मुक्ताईनगरला लावायला घेतलेला फोन मी खाली ठेवला. सगळ्यांचं चालू होतं. बाहेर फक्त मी होतो.

तिला फोन करायचं जिवावर आलं, पण केला. ती एकदम वरमली. "अरे देवा, भाऊ, तुमची ओळच नाही. मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल. थांबा, आत्ता टाकते." मग बटणांचा आवाज आला आणि थांबला. "भाऊ, कोणती परवानगी लिहू? आणि पुढे काम लिहावं लागतं. काम काय लिहू?"

तिने ते अगदी सरळ विचारलं होतं. उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडलं आणि मला एकही काम आठवेना. नाव टाकायचं, ते प्रोग्राम करत होता. काढायचं, तेही तोच करत होता. होकार केंद्रप्रमुख देत होते. शेवटी मी म्हणालो, "बघण्यापुरती द्या."

थोड्या वेळात परवानगी आली. आता मला सगळं दिसत होतं आणि कशालाही हात लावता येत नव्हता. मी एकेक रांग उघडून चूक शोधत बसलो. मेसेज येत होते, जात होते, ज्याचे त्याला मिळत होते. चहा आला, तो माझ्या टेबलावर गार झाला, तरी चूक सापडेना.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आमची शेती सोनगीरजवळ आहे आणि तेही तिथल्याच केंद्रावर कापूस घालतात. कचेरीच्या वेळात ते कधी फोन करत नाहीत.

"आज मेसेज येळवर उना रे भाऊ," आबा अहिराणीत म्हणाले. मेसेज वेळेवर आला म्हणून आवाज खूश होता. "गाडी भरानी का नही, सकायमाच समजनं. पहिले ते गाडी भरीसन बसूत आन मेसेज दुपारले ये." पहिले म्हणजे माझ्या वेळी ते गाडी भरून बसायचे आणि मेसेज दुपारी यायचा. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "हाई तुन्हंच काम शे ना?"

समोर पडद्यावर तिच्या प्रोग्रामने लावलेले नियम ओळीने दिसत होते.

"हा, आबा," मी म्हणालो.

आबांनी फोन न ठेवताच शेजारी बसलेल्या कोणाला तरी मोठ्याने सांगितलं, "मन्हा पोऱ्यानं काम शे ते!" तिकडून कोणीतरी माझी वाहवा केली. मला फोन ठेवता आला असता. मी तो कानाला घट्ट लावून ऐकत राहिलो.