नापासरावांनी पास केलेली गाडी

पंख्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलेल्या त्या गृहस्थांना लोक पाठीमागे नापासराव म्हणत आणि तोंडावर नुसतं 'राव'. अर्धं नाव गिळायचं आणि उरलेलं आदराने उच्चारायचं, अशी सोय सगळ्यांनी आपापली करून घेतली होती. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

पंखा टेबलावर आला की ते आधी तो हाताने फिरवत, मग विजेवर, आणि शेवटी डोळे मिटून नुसता ऐकत. केसभर झोल आढळला की लाल खडूची फुली. फुली पडली की सगळ्यात आधी तडकायच्या त्या मावशी. मावशी म्हणजे जोडणी विभागाच्या मुकादम. मॅनेजरसुद्धा त्यांना मावशीच म्हणे. "या माणसाला देवाने जन्माला घातलं तेव्हा कुणी तपासलं नव्हतं वाटतं," असं त्या ऐकू जाईल इतपत हळू बोलत.

अशा माणसाने पन्नाशी ओलांडल्यावर जुनी गाडी घ्यायची ठरवली. आधीची सगळी वर्षं स्कूटरवर गेलेली. विक्रेत्याच्या आवारात त्यांनी ओळीने अकरा गाड्या नापास केल्या. एकीचं दार खोकत बंद होतं, एकीची सीट एका बाजूला कललेली. बायकोला मनापासून आवडलेली हिरवी गाडी तर वायपर कुरकुरतो एवढ्यावरून गेली. बारावी, राखाडी. राव तिच्याखाली आडवे झाले, नाण्याने पत्रा वाजवून पाहिला, डोळे मिटून इंजिन ऐकलं आणि चाळीस मिनिटं चालवून आणली. विक्रेता घामाघूम झाला. गाडी पास झाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यांनी जाहीर केलं, "दोन तास तपासलीय. एक दोष काढून दाखवा."

तिसऱ्या दिवशी तो गाडीनेच काढून दाखवला. घरासमोर भिंतीशी नाक लावून उभी केलेली गाडी मागे घ्यायला त्यांनी रिव्हर्स टाकला. दांडा आपल्या जागी गेला, इंजिन गुरगुरलं, चाकं मात्र ढिम्म. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. विक्रेत्याच्या आवाराला आत यायचं फाटक वेगळं आणि बाहेर जायचं वेगळं. मागे घ्यायची वेळच आली नव्हती. आणि एकोणीस वर्षं पंखे तपासणाऱ्या डोक्यात ती शंकाही आली नव्हती, कारण पंखा काही उलटा फिरून दाखवत नाही.

शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी मेकॅनिक गाठला असता. पण मेकॅनिक पहिला प्रश्न विचारणार, घेताना कुणी बघितली? गोष्ट कारखान्यात पोचली की प्रत्येक फुलीवर कुणीतरी गोड आवाजात विचारणार, "राव, गाडी काय म्हणतेय?" मग त्या खडूला कोण भीक घालणार! रावांनी तोंडाला कुलूप लावलं.

तेव्हापासून त्यांचं आयुष्य एकाच दिशेने सुरू झालं. समोरून निघता येईल अशीच जागा त्यांना चालू लागली. उतारावर गाडी आपोआप मागे येते हा शोध लागल्यावर गावातला एकेक चढउतार त्यांनी तोंडपाठ केला. सकाळी घरासमोर न्यूट्रलमध्ये टाकून, दाराच्या चौकटीला खांदा लावून ते गाडी मागे ढकलत. शेजाऱ्याने विचारलं तर म्हणाले, "व्यायाम." मेहुणीचं घर बंद गल्लीत, म्हणून गाडी हमरस्त्यावरच उभी राहू लागली.

"चालणं तब्येतीला बरं असतं," राव म्हणाले.

"मग घरूनच चालत आलो असतो," बायको म्हणाली. "तब्येत आणखी सुधारली असती."

सातव्या आठवड्यात मॅनेजरने रावांना आणि मावशींना बोलावलं. एका शाळेच्या सभागृहातले पंखे थरथरतात अशी तक्रार होती. "मावशींनी जोडलेत, तुम्ही पास केलेत. दोघं जाऊन बघून या. रावांची गाडी आहेच."

शाळा एका अरुंद गल्लीच्या टोकाला होती. गल्लीच्या तोंडाशीच रावांनी ब्रेक दाबला. "इथून चालत जाऊ या का?"

"माझे गुडघे बघा आणि मग बोला," मावशी म्हणाल्या. "आत घ्या."

दोष पंख्यांचा नव्हता, छताचे हूक ढिले होते. दोघांनाही इतका आनंद झाला की पहिल्यांदाच त्यांचं एकमेकांशी पटलं. तो आनंद गाडीपर्यंत टिकला. समोर शाळेची भिंत, दोन्ही बाजूंना कुंपण, मागे हॉर्न वाजवणारी व्हॅन. रावांनी आरसा सारखा केला. चष्मा पुसला. मग परत पुसला.

"राव, चष्मा पुसून गाडी मागे जात नाही."

"मागचा गिअरच नाहीये," राव म्हणाले.

"कधीपासून?"

"घेतल्यापासून."

"आणि तपासली कुणी होती?"

रावांनी चष्मा तिसऱ्यांदा पुसायला घेतला. मावशी हसायला लागल्या त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी व्हॅनवाल्याने आपली व्हॅन मागे घेतली, आणि त्याने व शाळेच्या रखवालदाराने ढकलून गाडी बाहेर काढली. हमरस्त्याला लागल्यावर मावशी म्हणाल्या, "मी कुठे बोलणार नाही. उद्या माझे चाळीस पंखे येतील टेबलावर. जरा नजर सैल ठेवा, झालं."

रावांचे कान तापले. ज्याची भीती होती तेच समोर आलं होतं. "पंखा डोक्यावर फिरतो, मावशी. खाली कुणीतरी बिनघोर झोपलेलं असतं."

"गाडीतसुद्धा माणसंच बसतात," मावशी म्हणाल्या. रावांना मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस पंखे निर्मळ निघाले. चाळीसाव्यात झोल होता, तोही इतका बारीक की रावांशिवाय कुणाला कळलाही नसता. त्यांनी तो तीनदा फिरवला. समोर मावशी हाताची घडी घालून उभ्या. रावांनी खडू उचलला आणि फुली मारली.

"सांगू?" मावशींनी विचारलं.

"सांगा."

मावशींनी सांगितलं, आणि ते काही बसून नाही सांगितलं. भिंत झाल्या, व्हॅन झाल्या, चष्मा पुसून दाखवला. एकेक यंत्र बंद पडलं आणि सगळा हॉल गोळा झाला. "पूर्ण सात आठवडे हा माणूस नुसता पुढेच चाललाय!"

हसू आवरून लोक रावांकडे बघू लागले. आता हा माणूस कोसळतो की भडकतो, याची जो तो वाट बघत होता.

"चूक," राव म्हणाले. "सहा आठवडे आणि चार दिवस."

मग जे हसू फुटलं त्यात रावही सापडले. ओसरल्यावर त्यांनी घसा साफ केला. "कुणाच्या ओळखीत चांगला मेकॅनिक आहे का?" एकोणीस वर्षांत त्यांनी या माणसांना पहिल्यांदाच काही विचारलं होतं. एकदम सात नावं आली आणि कुणाचा मेकॅनिक भारी यावर वादही सुरू झाला. शेवटी मावशींचा भाऊ ठरला, कारण त्याचं गॅरेज कारखान्याच्या बरोबर पाठीमागे होतं.

जेवणाच्या सुट्टीत गाडी निघाली, पाठमोरी. राव स्टिअरिंगवर होते, मान मागे वळवून. बॉनेटला जोडणी विभागाचे आठ जण लागले होते आणि मधोमध, गुडघ्यांची तक्रार विसरून, मावशी. राव क्षणभर पुढे वळले तेव्हा काचेपलीकडे मावशींचा लाल झालेला चेहरा अगदी समोर होता.

"तो चाळीसावा," मावशी धापा टाकत ओरडल्या, "करा की आता पास!"

रावांनी काचेआडून मान हलवली. नाही.

"मेल्यांनो, ढकला," मावशी बाकीच्यांना म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःही जोर लावला.