कुजलेल्या देवदारातला नायट्रोजन

तीन माणसं पाच वर्षं एका लॅबमध्ये कोंडली की किस्से साठतातच. आमच्याकडचे बहुतेक मोरेश्वरचे. हिमाचलच्या जंगलात पडलेली देवदाराची खोडं कुजताना त्यांतला नायट्रोजन कसा बदलतो, हा त्याचा पीएचडीचा विषय. त्याच्या बॅचचे सगळे तेव्हा आयटीत शिरत होते.

नमुन्यांची पोती घेऊन तो पुणे स्टेशनवर उतरला, तर पोलिसाने अडवलं. आत काय, तर कुजकं लाकूड. पोलिसाने हात घालून खात्री केली आणि विचारलं, "पुण्यातलं संपलं का?"

पोती त्याने सदाशिव पेठेतल्या खोलीत ठेवली. घरमालकीणबाईंना वाळवीची धास्ती. "संध्याकाळपर्यंत ठरवा. लाकूड राहील किंवा आपण." मोरेश्वर पोती स्कूटरवर घालून लॅबमध्ये आला. लाकूड गेलं तरी कपडे आणायला बाईंसमोर परत जायची हिंमत होईना. दोन दिवस त्याच शर्टात.

मग रीडिंग्ज. लाकूड जितकं जास्त कुजलेलं, तितकं नायट्रोजनचं प्रमाण जास्त. हे त्याने वाचलं होतं, पण इतकं? त्याने ॲसिड बदललं, भांडी बदलली, जेवण सोडलं. शेवटी आमच्या गाईड केळकर मॅडमनी समोर बसवलं. लाकडातला कार्बन हवेत जातो, नायट्रोजन मागे राहतो, वर बुरशी मातीतून आणखी ओढून आणते. "कमी आला तर घाबरा," म्हणाल्या. तो तरीही घाबरलेलाच.

सगळ्यात जुन्या खोडाचा एकच तुकडा उरला होता, शेवटच्या तपासणीसाठी. त्याच दिवशी भंडाऱ्याहून त्याचे वडील आले. सुतारकाम करणारे. मोरेश्वर यायच्या आत त्यांनी मॅडमना आणि मला सांगून टाकलं, की सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र घरी आलंय, सोमवारी रुजू व्हायचंय, पोराला न्यायला आलोय. पत्र खिशात होतं.

मोरेश्वर आला. वडिलांनी टेबलावरचा तो तुकडा उचलला, बोटांनी दाबला. भुगा झाला.

"जन्मभर असं लाकूड फेकतच आलो मी," ते म्हणाले. "काय वाढते म्हणतोस याच्यात?"

मोरेश्वरने सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ते ऐकत राहिले. मग भुगा त्यांनी रुमालात बांधला. घरच्या जास्वंदीला घालतो म्हणाले. मॅडमनी माझा हात घट्ट धरला.

"घेऊन जा, बाबा," मोरेश्वर म्हणाला.

पत्र खिशातच ठेवून ते एसटीला गेले. मोरेश्वरने वही उघडली आणि त्या नमुन्यापुढे लिहिलं, 'वापरला.'