मोजणीच्या दिवशी पाच बंदुका

जमिनीच्या मोजणीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी जळगावहून गावी पोहोचलो. जळगावात मी एका बँकेच्या दारात गनमन आहे. फौजेत अठरा वर्षं काढली, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, आणि ज्याला आयुष्यभर बंदूक धरण्याखेरीज काही आलं नाही त्याला जे काम मिळतं ते मलाही मिळालं. गाव एरंडोलपासून थोडं आत आहे. गाडी स्टँडला लावून हेल्मेट काढतोय तोच जगननं हाक मारली, की उस्ताद पारावर बोलावताहेत, बंदूक घरी ठेवून ये.

उस्ताद म्हणजे सुभेदार दौलत. गाव त्यांना सुभेदार आबा म्हणायचं. मी उस्ताद म्हणायचो, कारण रेजिमेंटल सेंटरला रिक्रूट म्हणून उतरलो तेव्हा मला चालायला, वळायला आणि उभं राहायला त्यांनीच शिकवलं. तेव्हा ते ड्रिल इन्स्ट्रक्टर होते. त्यांचा आवाज परेड ग्राउंडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. पुढे त्यांच्याच प्लाटूनमध्ये मी चार वर्षं होतो. गावातला माणूस म्हणून त्यांनी मला कधी सूट दिली नाही, उलट शिक्षा जरा जास्तच दिली.

पारावर पाचजण होतो. उस्ताद, मी, नाईक जगन आणि आर्टिलरीचे दोघे भाऊ. पाचही जणांकडे लायसन्सची बारा बोअर डबल बॅरल. कुणाची नोकरीसाठी, कुणाची रानडुकरांसाठी.

प्रश्न रस्त्याचा होता. कोणता रस्ता आणि कोणतं खातं हे मी लिहीत नाही, लिहून आता कुणाचं भलं होणार नाही. पहिल्या नकाशात रस्ता गावाच्या वरच्या बाजूनं, पडीक जमिनीतून जात होता. दुसऱ्या नकाशात तो खाली सरकला आणि एकोणीस घरांच्या काळ्या जमिनीतून गेला. का सरकला ते कुणी सांगितलं नाही. वरच्या बाजूला मध्यंतरी कुणीकुणी जमिनी घेतल्या होत्या, त्यावरून ज्यानं त्यानं काय ते समजून घेतलं. गावानं हरकती दिल्या. सुनावणीची तारीख लागली, त्या दिवशी साहेब आलेच नाहीत, आणि नंतर कागद आला की सुनावणी पार पडली. रस्ता उस्तादांच्या चार एकरांच्या मधोमध जात होता. विहीर त्यातच. ती विहीर त्यांनी पेन्शनवर आल्यावर स्वतः उतरून खणली होती.

कृषी केंद्रवाला नितीन मोबाइल घेऊन आला होता. परदेशातला व्हिडिओ दाखवत होता. साधी घरगुती माणसं, खांद्यावर सेमी-ऑटोमॅटिक रायफली, सरकारी कचेरीसमोर उभी.

"दखा आबा," नितीन म्हणाला. "तठे घरघर रायफल शे. म्हणीसन सरकार वचकीन ऱ्हास."

"आणि सरकारकडे काय आहे तिकडे? गोफण?" मी म्हणालो.

उस्ताद म्हणाले, "भास्कर, तुले माहीत शे. जठे सरकार पोचत नही, तठे मानूसना हातमा हत्यार पाहिजे."

"इथं सरकार पोचतंय उस्ताद. उद्या दहा वाजता पोचतंय."

"मंग त्यासमोर बी पाहिजे."

हा वाद आमच्यात नवा नव्हता. तो जम्मूतल्या डोंगरात सुरू झाला होता.

तिथं आमच्या पोस्टच्या खाली एक वस्ती होती. वस्तीच्या रक्षणासाठी गावकऱ्यांनाच सरकारनं हत्यारं दिली होती. काहींकडे जुनी थ्री नॉट थ्री, काहींकडे एसएलआर. त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. थ्री नॉट थ्रीला प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागतो. तेवढ्या वेळात माणसाला अक्कल येऊ शकते. एसएलआर सेमी-ऑटोमॅटिक, तिला ती सवड नाही. मॅगझिनमध्ये वीस गोळ्या, बोट थरथरेल तितक्या वेळा सुटतात. एका पहाटे, ०५१० वाजता, खालून पाच फायर ऐकू आले. आम्ही पोहोचलो तेव्हा एक माणूस ओट्यावर बसला होता, रायफल मांडीवर. समोर त्याचा सख्खा भाऊ पडला होता. तो चुकलेली म्हैस शोधून परत येत होता. पाचातल्या दोन गोळ्या त्याला लागल्या होत्या. त्यातली एक त्याच्यातून आरपार जाऊन मागच्या गोठ्याच्या भिंतीतूनही बाहेर पडली होती. मी त्या भिंतीच्या भोकात बोट घालून पाहिलं.

त्या माणसाला फायर करायला मी शिकवलं होतं. उस्ताद तेव्हा माझे प्लाटून कमांडर. ते म्हणाले, चूक माणसाची, हत्याराची नाही. ती वस्ती त्या हत्यारांमुळेच टिकली, असंही ते म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. वस्ती अजून आहे.

तर पारावर उस्तादांनी ऑर्डर दिली. "बंदूक खांदावर. राउंड खिसामा. कोनी भरानी नही. आपन फक्त उभं ऱ्हाऊत. मोजनी कशी व्हस ते दखूत."

मी म्हणू शकलो असतो की मी येत नाही. बँकेत ड्यूटी होती. पण चार म्हातारे फौजी बांधावर उभे आणि पाचवा जळगावात एसीसमोर, हे मला जमणारं नव्हतं. रजेचा फोन केला आणि घरी जाऊन बंदूक पुसली. बायकोनं विचारलं, उद्या कसली साफसफाई? मी म्हणालो, सवय आहे.

सकाळी ०९३० ला आम्ही उस्तादांच्या शेताच्या बांधावर एका ओळीत उभे होतो. कापसाची शेवटची वेचणी बाकी होती. आमच्या मागे वीस पावलांवर गावातल्या बाया बसल्या होत्या. नको म्हणून सांगितलेलं कुणी ऐकलं नव्हतं. त्यात उस्तादांची बायको शांताअक्का, माझी बायको आणि जगनची सून होती.

१००५ ला गाड्या आल्या. पुढे प्रांतसाहेब, मोजणीची माणसं, मागे पोलीस. मी सवयीनं मोजलं. पोलीस बावीस. लाठ्या बारांकडे. दहांकडे एसएलआर, मॅगझिन लावलेली. अंतर साठ पावलं. ते चालत आले तसं चाळीस झालं.

पीआयनं मेगाफोन उचलला. "सुभेदार साहेब, फक्त मोजणी आहे. आत्ता कुणी रस्ता करत नाही. बंदुका घरी ठेवा आणि या, बोलू."

"सुनावनीले तुम्ही ऊनात नही," उस्ताद मेगाफोनशिवायच म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. "आते आमी कसाले येवाले?"

प्रांतसाहेबांनी घड्याळ पाहिलं. ते पीआयशी काहीतरी बोलले. मोजणीचा एक माणूस यंत्र खांद्यावर घेऊन निघाला आणि त्यानं शेतात पाय ठेवला. कापसाची दोन झाडं मोडली.

आमच्या मागून एक दगड गेला. कुणी मारला ते आजही ठाऊक नाही. तो पीआयच्या खांद्याला लागला.

"पोझिशन!" पीआय ओरडला. दहा एसएलआर कॉक झाल्या. तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळत नाही. "हत्यारं खाली टाका. शेवटचं सांगतोय."

मी उजवीकडे पाहिलं. उस्तादांनी बंदूक खांद्यावरून उतरवली होती. नळी बिजागरीवर खाली उघडून त्यांनी दोन काडतुसं आत सारली आणि बंद केली. स्वतःचीच ऑर्डर त्यांनी स्वतः मोडली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फायरिंग रेंजवर असायचा तसाच चेहरा होता. त्यांना पाहून जगनचा हात खिशात गेला. आर्टिलरीच्या दोघा भावांचाही गेला.

मला भीती वाटली. माझ्यासाठी नाही, असं लिहिलं तर छान दिसेल, पण माझ्यासाठीही वाटली. बारा बोअरचा चाळीस पावलांवर काही भरवसा नाही. एसएलआरचा आहे. तिची गोळी आमच्यात थांबणार नव्हती. आमच्या बरोबर मागे शांताअक्का बसली होती, पदर डोक्यावर, हातात पाण्याचा तांब्या. मला त्या गोठ्याची भिंत दिसली.

उस्तादांना समजावायला वेळ नव्हता. विनंतीचा उपयोग नव्हता, ते जन्मात कुणाच्या विनंतीनं हलले नव्हते. मग माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवून काढलं नाही. पोटातून, त्यांच्याच पट्टीत, पहिला शब्द लांबवून आणि दुसरा तोडून मी ओरडलो.

"स्क्वाड! भूमिऽऽ शस्त्र!"

हत्यार जमिनीवर ठेवण्याचा हा हुकूम आहे. रिक्रूट असताना तो इतक्या वेळा घोटून घेतात की मग तो कानातून डोक्यात जातच नाही, थेट गुडघ्यात जातो. माझ्यासकट पाच माणसं एकाच वेळी वाकली. पाच बंदुका उजव्या बुटाजवळ जमिनीवर गेल्या. पाच माणसं रिकाम्या हातांनी सावधान उभी राहिली. सगळ्यांत सरळ उस्ताद होते.

दोन-तीन सेकंद गेले असतील. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. एका हवालदारानं सुभेदाराला हुकूम दिला होता आणि सुभेदारानं तो पाळला होता. ते पुन्हा वाकेपर्यंत पोलीस धावत आले होते.

"हाऊ शब्द मीच शिकाडा तुले," ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता. "मन्ही जमीन मन्हाच शब्दवर गयी, भास्कर."

१०२० ला मोजणी सुरू झाली. साडेबाराला संपली. एकही गोळी सुटली नाही.

पोलीस ठाण्यात आम्हा पाचांवर गुन्हा नोंदवला. चौघांची लायसन्सं रद्द झाली. माझं झालं नाही. पीआयनं जबाबात लिहिलं होतं, की हवालदार भास्कर यांनी प्रसंगावधान राखून प्रशासनास सहकार्य केलं. महिन्याभरात माझी बंदूक मला परत मिळाली. घेऊ नये असं मनात आलं. पण बंदुकीशिवाय गनमन होता येत नाही, आणि घरात दुसरी मिळकत नव्हती. मी घेतली. सही केली आणि बँकेच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी मला जी लाज वाटली ती अजून पूर्ण उतरलेली नाही.

गावात तोंडावर कुणी काही बोललं नाही. जगनच्या सुनेनं तर माझ्या बायकोला पुरणपोळ्या पाठवल्या. पण पारावरून जाताना एकदा कानावर आलं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. कोण बोललं ते मी वळून पाहिलं नाही. म्हण चुकीची नव्हती.

उस्ताद माझ्याशी त्यानंतर बोलले नाहीत. त्यांनी कोर्टात अर्ज केला, तारखांना एकटे एसटीनं जायचे. रस्ता झाला. विहीर मुरमानं भरली. रस्त्याच्या पलीकडे त्यांचा एक तुकडा उरला होता, त्यात ते कापूस लावायचे. मी ड्यूटीवरून येताना तिथं गाडी हळू करायचो. ते पाठ करून खुरपत राहायचे. दोन पावसाळे असे गेले. एकदा मी गाडी थांबवून बांधापर्यंत गेलो आणि म्हणालो, "उस्ताद, मागे अक्का बसली होती." त्यांनी खुरपं पुसलं आणि पुढच्या ओळीत गेले.

ते गेल्या वर्षी वारले. सकाळी शेतात छातीत दुखलं, जळगावला नेईपर्यंत संपलं. मी बँकेतून तसाच निघालो, युनिफॉर्मही बदलला नाही. अंगणात तिरडी बांधून झाली होती. आसपासच्या गावांतले माजी सैनिक मेडल लावून आले होते. खांद्यासाठी माणसं पुढे झाली तसा मीही झालो.

शांताअक्का आतून उठून आली. त्या दिवशी पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागे बसलेली हीच बाई. तिनं माझ्या हाताला धरलं आणि बाजूला घेतलं.

"भाऊ, मालक सांगी गयात. खांदा तुमना नको."

मी मान हलवली. मी वळायला लागलो.

"पन घर जाऊ नका," ती म्हणाली. "आठेच उभा ऱ्हा. माले तुम्ही दिसाले पाहिजेत."

सुभेदार दौलत. अठ्ठावीस वर्षं नोकरी. दोन हजारांवर रिक्रूट त्यांच्या हाताखालून गेले, त्यातले सहा परत आले नाहीत. त्या सहांची नावं त्यांना पाठ होती, आणि पंधरा ऑगस्टला ते ती झेंड्याखाली घ्यायचे, कुणी ऐको न ऐको. यंदा ती मी घेतली. सातवं नाव त्यांचं घेतलं.

तिरडी त्या दिवशी चौघांनी उचलली. जगन पुढे होता. मी अंगणात सावधान उभा राहिलो आणि ते वळणाआड जाईपर्यंत सॅल्यूट उतरवला नाही. खांदा द्यायचा नाही, त्यांचा शेवटचा हुकूम तेवढाच होता, आणि तो मी पाळला.