वजा चार

वर्गात तिला सगळे मास्तरीण म्हणत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत सलग पहिली, मशीनवर हात बसलेला, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या खोलीबाहेर चपलांचा हा ढीग. माझ्या चपला मात्र कायम आत. तिच्या शेजारची खाट माझी होती, त्यामुळे तिची जर्नल उतरवण्याचा पहिला मानही माझाच.

अशा मुलीला मोठ्या कॉलेजातून पत्र आलं: जागा आहे, शुक्रवारपर्यंत कळवा. ती गेली तर मी जर्नल कुणाची उतरवणार? तिचे बाबा जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतात. ते फोनवर म्हणाले, "चालू मोटार कुणी उघडतं का गं?"

"अगदी बरोबर बोललात, काका!" मी मागून ओरडले. माझा स्वार्थ उघडानागडा होता आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

तरी बुधवारी ती तिथे एक दिवस बसून बघायला गेली. मीही गेले, नावं ठेवायला. लॅबमधल्या सरांनी प्रत्येकाला एक लोखंडी दांडी आणि जाडी मोजायला मायक्रोमीटर दिला. सगळ्यांत आधी मास्तरणीचा हात वर.

"चुकलं," सर म्हणाले.

हा शब्द तिने दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"नेमक्या चार रेघा कमी. कशा?"

"चार वजा केल्या, सर."

"का?"

"वजा करायच्याच असतात ना?"

अख्खा वर्ग खो खो हसला. आमच्या लॅबमधला एकुलता एक मायक्रोमीटर पूर्ण मिटवला तरी शून्याऐवजी चार रेघा दाखवायचा. सिनियरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चार वजा करा. आम्ही करत आलो.

परतीच्या बसमध्ये मी तेल ओतलं, "कसली उद्धट माणसं!"

"अगं, मी आधी मिटवून बघितलंच नाही," ती म्हणाली. "साधी गोष्ट. आणि आपल्याकडे मला हे कुणी कधीच सांगितलं नसतं."

डोळे भरलेले, पण चेहरा केवढा खुललेला! मी ओळखलं, गेली ही. मला रडू आलं आणि तिचा रागही आला.

जायच्या दिवशी तिने एक उद्योग केला. आमचा मायक्रोमीटर त्याच्या पेटीतल्या छोट्या चावीने बरोबर शून्यावर आणला आणि वर्गाला बजावलं, आता काही वजा करायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. लॅबचे सरही "बरं बरं" म्हणाले.

महिन्याने प्रॅक्टिकल झालं. माझा हात सवयीने चार वजा करायला निघालाच होता, मी त्याला आवरलं आणि दिसलं तेच माप लिहिलं. मास्तरीण गेल्यावर पहिल्यांदाच काहीतरी स्वतःच्या डोक्याने केलं होतं, त्यामुळे छाती फुगली होती.

गुण लागले. सगळ्यांना पैकीच्या पैकी, मला शून्य.

"दोन वर्षं झाली तरी चार वजा करायचं लक्षात राहत नाही?" सर खेकसले. त्यांनी दांडी स्वतः मोजली होती आणि चार वजा करून उत्तर काढलं होतं.

मी पेटी उघडली, मायक्रोमीटर मिटवला आणि त्यांच्यासमोर धरला. काटेकोर शून्य.

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "अरेच्चा," ते म्हणाले, "बिघडला वाटतं."

मी बाहेर येऊन मास्तरणीला फोन लावला. "अगं," मी म्हणाले, "तिकडे अजून एखादी जागा आहे का?"