माझं पेज आणि नानांचं आवतण

भरताचं वांगं भाजून झालं की त्याची साल गरम असतानाच काढावी लागते. थंड झालं की साल गराला धरून बसते, मग बसा नखं लावत. ही गोष्ट सासूबाईंनी मला लग्नानंतर एका दुपारीत शिकवली होती. पण हीच साल मोबाइलसमोर काढायची, उजेड डावीकडून हवा, बोटं भाजत असताना तोंड हसरं हवं आणि बघणारा पहिल्या तीन सेकंदांत थांबायला हवा, हे शिकण्यात माझा अख्खा हिवाळा गेला आणि तरी ते जमलं नाही ते नाहीच.

मी भडगावची सून. या भरताच्या नादाआधी काही वर्षं जळगावला एका खासगी क्लासच्या ऑफिसात नोकरी करत होते. सकाळच्या बसने जायचं, दिवसभर फोनवर 'तुमचा पाल्य आज गैरहजर आहे' असं सांगायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं. पालक माझ्यावरच ओरडायचे, जसं काही त्यांचं पोरगं मीच टेबलाखाली लपवून ठेवलंय. शेवटी दिवाळीत मी ती नोकरी सोडली. भरीत, पुऱ्या, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी ऑर्डरप्रमाणे करून द्यायची असं ठरवलं. क्लासचे सर भला माणूस. म्हणाले, संक्रांतीपर्यंत तुमची जागा भरत नाही, नाही जमलं तर परत या. वांग्यांचा खरा हंगामही साधारण तेवढाच. म्हणजे माझ्या हातात एक हिवाळा होता. नवरा नुसता 'बघ' म्हणाला. त्याच्या 'बघ'चा अर्थ मला इतक्या वर्षांत चांगला कळतो.

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने फोनवर फर्मावलं, आई, आधी पेज काढ, आजकाल पेज नसेल तर धंदाच नाही. तिने तिकडूनच पेज काढून दिलं आणि जळगावच्या एका शिबिरात माझं नावही घातलं. शिबिरातले मार्गदर्शक कोट घालून आले होते. छोट्या व्यावसायिकांनी सोशल मीडिया कसा वापरावा, हे त्यांनी दिवसभर सांगितलं. तुमचं गिऱ्हाईक कोण ते एका ओळीत लिहा, म्हणाले. मी लिहिलं, 'भूक लागलेला माणूस.' त्यांनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला आणि हॉल हसला. मग वय लिहा, आवडी लिहा, तो रात्री मोबाइलवर काय बघतो ते लिहा. गिऱ्हाईक ओळखीचं नसतं, ते शोधायचं असतं, असंही त्यांनी दोनदा सांगितलं. मी ते मनावर घेतलं, तिथेच फसले.

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, या सगळ्याचं भारी नवल वाटायचं. खळ्यात कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवून वांगी भाजायचं काम त्यांचं. त्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. पण मी मोबाइल समोर धरला की ते काड्या सोडून सदऱ्याची बटणं लावायचे, टोपी नीट करायचे आणि फोटोला उभं राहावं तसे ताठ उभे राहायचे. नाना, हा फोटो नाही, तुम्ही नुसतं काम करत राहा, असं मी सांगायचे. तोवर इकडे वांगी करपायची.

एवढं करून पेजवर यायचं काय? हात जोडल्याची चित्रं. 'जय खान्देश.' 'एक नंबर ताई.' 'रेसिपी टाका.' माहेरची, सासरची, शाळेतली, वरणगावच्या मावशीच्या सुनेच्या माहेरची माणसं अगदी न चुकता अंगठा दाखवून जायची. ऑर्डर मात्र एकाचीही नाही. पुण्याचा एक माणूस रोज विचारायचा, इकडे पाठवाल का? अहो, भरीत म्हणजे काय लोणचं आहे, बसमध्ये टाकलं आणि पोचलं? पिंपळनेरच्या एका बाईंनी सगळी चौकशी केली, कांद्याची पात घालता का, शेंगदाणे अख्खे की कुटलेले, लसूण किती, सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, 'बरं झालं, आता घरीच करते.' केसांचं तेल विकणारा एक जण माझ्या प्रत्येक रीलखाली स्वतःची जाहिरात टाकून जायचा. निदान त्याचा तरी धंदा होत असावा.

मुलीनेच मग तोड काढली. डबे पोचवत बसण्यापेक्षा शहरातल्या लोकांनाच रविवारी खळ्यावर बोलव, लोकांना शेतावर जेवायची हौस असते. तिने कार्ड करून पाठवलं. त्यावर लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, बाजूला मुळा आणि लिंबू, खाली ताटाचा दर आणि बुकिंगसाठी नंबर. कार्ड पेजवर टाकल्यावर धुळ्याच्या दोन कुटुंबांनी खरोखर ताटं सांगितली. त्यांना मी ओळखत नव्हते, ते मला ओळखत नव्हते. शिबिरातल्या साहेबांनी सांगितलं तस्संच ते गिऱ्हाईक होतं. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी नानांना चहात जास्तीची साखर घालून दिली.

त्या आनंदातच मी माझ्या पायावर धोंडा मारून घेतला. नानांचे मोबाइलवर पुष्कळ ग्रुप आहेत. तरुणपणापासून गावातल्या कुठल्याही लग्नाचं, जावळाचं आवतण द्यायला नानाच जायचे, त्यामुळे पंचक्रोशीत त्यांना ओळखत नाही असं घर नाही. मी म्हटलं, नाना, हे कार्ड तुमच्या ग्रुपांवर तेवढं पुढे पाठवा, कुणाची शहरातली मंडळी येतील. त्यांनी कार्ड लांब धरून वाचलं आणि तोंड वाकडं केलं. यात कुणाला बोलावलंय ते कुठे आहे, विचारलं. मी म्हटलं, असू द्या, आता असंच असतं. ते बरं म्हणाले.

शनिवारी दळण आणायला गिरणीवर गेले तर तिथे माझी चुलत जाऊ भेटली. अक्का, उद्या काही आणायचं का, म्हणाली. मला कळेना. तिने मोबाइल काढला आणि नानांचा आवाज गिरणीच्या आवाजावरून खणखणीत ऐकू आला.

"राम राम बठ्ठासले. रविवारले मन्हा खयामा भरीत शे. बठ्ठासनी येवानं शे. चूलबंद आवतन शे, घर कोनीच ऱ्हावानं नही."

बठ्ठे म्हणजे सगळे, आणि चूलबंद म्हणजे घरातल्या एकाने नव्हे, सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरची चूलच पेटवायची नाही. आमच्याकडे यापेक्षा मोठं आवतण नाही. दराचा तर उच्चारही नव्हता. नानांनी हे ग्रुपांवर टाकलं होतं, वर ज्यांच्याकडे साधे फोन आहेत त्यांना स्वतः फोन करून सांगितलं होतं.

मी तशीच पिठाचा डबा घेऊन खळ्यावर गेले. नाना, हे काय करून ठेवलंत? ते शांतपणे काड्यांच्या मोळ्या लावत होते. कार्डात काहीतरी राहून गेलं होतं, ते मी नीट केलं, असं म्हणाले. आणि दर? आवतणात कुणी दर सांगतं का, असं उलट मलाच विचारलं. सगळ्यांना फोन करून नाही म्हणून सांगू या, असं मी म्हटलं, तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी मलाच लाज वाटली. दिलेलं आवतण परत घेतलेलं घर मी तरी आजवर पाहिलेलं नाही. आणि आमचं घर पहिलं व्हावं, हे मलाही नको होतं. मी मुकाट्याने लसूण सोलायला बसले.

रविवारी गाव लोटलं. लोक रिकाम्या हाताने आले नाहीत, हेही सांगायला हवं. कुणी टॉवेल-टोपी आणली, कुणी दही, कुणी मुळ्याची जुडी. बायका न सांगता चुलीपुढे बसल्या आणि भाकरी थापू लागल्या. मागच्या गल्लीतला कंडक्टर, ज्याच्या बसने मी इतकी वर्षं जळगावला गेले, तो बायको, मुलं, आई आणि पाहुणा आलेला मेहुणा असा सगळा गोतावळा घेऊन आला. नाना प्रत्येक पंगतीत फिरून 'लाजू नका' म्हणत होते. भरीत चांगलं झालं होतं. माझंच होतं, चांगलं होणारच.

या गर्दीत धुळ्याच्या दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. माझं शोधून काढलेलं गिऱ्हाईक! मी धावत पुढे गेले, पण माझ्याआधी नाना पोचले होते. त्यांनी त्यांना गडव्यातून पाणी दिलं, पंगतीत मानाने बसवलं आणि जेवण झाल्यावर त्यातल्या एकाने पाकीट काढताच त्याचा हात धरला. पाव्हण्यांकडून पैसे घेत नसतात, असं सांगून निघताना दोन्ही बायकांना ब्लाउजपीस दिले. मी बाजूला उभी राहून हसत होते. रीलमध्ये मला कधी जमलं नाही इतकं छान हसत होते.

संध्याकाळी खळं रिकामं झाल्यावर माझा तोल सुटला. नाना, या एका हिवाळ्यावर माझं सगळं होतं, तुम्ही एका दिवसात त्याची माती केलीत, असं मी तोंडावर म्हणाले. सासऱ्यांशी मी तशी कधीच बोललेली नाही. नानांना राग आला नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"बेटा, तू बलावं तधय कोनी उनं नही," ते म्हणाले. "मी बलावं तं बठ्ठं गाव उनं. मंग तुले कोन पाहिजे व्हतं?"

अनोळखी माणसं हवी होती, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

वाटलं, झालं ते झालं, पुढचे रविवार आहेत. पण धुळ्याच्या मंडळींनी घरी जाऊन रील टाकलं. भडगावात एक घर आहे, तिथे अनोळखी माणसालाही पोटभर भरीत खाऊ घालतात आणि पैसा घेत नाहीत, असं त्यात भारावून सांगितलं होतं आणि खाली माझ्या पेजचं नाव दिलं होतं. ते रील माझ्या सगळ्या रीलांना पुरून उरलं. फोन सुरू झाले. पुढचं भरीत कधी आहे? चाळीसगावची आमची पंधरा माणसं आहेत, चालतील ना? मी दर सांगितला की पलीकडचा माणूस दुखावल्यासारखा फोन ठेवून द्यायचा, एक जण तर म्हणाला, ताई, प्रसिद्धी मिळाली की माणूस बदलतो. फुकट ते पौष्टिक म्हणतात, ते काही खोटं नाही.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, उलट आवतणं येऊ लागली. ज्याने चूलबंद जेवण घेतलं त्याने ते फेडायला नको? पुढच्या रविवारी कंडक्टरकडे, त्याच्या पुढच्या रविवारी नदीपलीकडच्या आबांकडे, मग आणखी कुणाकडे. नाही म्हटलं तर घमेंड आली म्हणणार. माझ्या हंगामाचा एकेक रविवार असा लोकांच्या खळ्यांत गेला. मी विकायला निघाले होते भरीत, आणि दर रविवारी चूल बंद करून दुसऱ्याच्या घरी भरीतच खात होते. एकदा तर पंगतीत बसूनच एका ऑर्डरवाल्याला फोनवर नाही म्हणावं लागलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी चुलत जावेकडे आवतण होतं. तिने माझ्या पानात भरीत वाढलं आणि स्वतःच म्हणाली, तुमच्या हातासारखं नाही झालं, बठ्ठे तुमच्या भरताची आठवण काढतात. मला राहवलं नाही. मी विचारलं, मग बाई, एवढ्या दिवसांत एकदाही ऑर्डर का नाही दिलीस?

ती वाढता वाढता थांबली. तिला वाईट वाटलं होतं, ते मला दिसलं.

"अक्का, तुम्हाला पैसे कसे द्यायचे हो? तुम्ही आपल्या."

पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. मी तिच्या हातचं भरीत पुन्हा मागून घेतलं. खरंच, माझ्यासारखं झालं नव्हतं.

संक्रांत झाली आणि सोमवारी मी सकाळची बस धरली. खिडकीतून गार वारं येत होतं, पर्समध्ये मोबाइल थरथरत होता, कुणीतरी पुन्हा अंगठा दाखवला असणार. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्या सीटपाशी आला आणि मला बघून त्याचं तोंड खुललं.

"अक्का, त्या दिवसाच्या भरताचं नाव आई अजून काढते."

मी हसले. मग त्याने हात पुढे केला. मी तिकिटाचे पैसे दिले, त्याने ते मोजून पिशवीत टाकले आणि पुढच्या सीटकडे वळला. त्याला घ्यायला संकोच वाटला नाही, मला द्यायलाही नाही.